रोबोट पुलाखाली जाईल हो, पण त्याचा अहवाल वाचणार कोण?

गेल्या आठवड्यात पुतण्यानं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. एक ड्रोन पुलाखालून सुळकन फिरतोय, खांबाच्या अंगाअंगाचे फोटो काढतोय, स्क्रीनवर तड्यांभोवती लाल चौकोन उमटतायत, मागे जोशपूर्ण म्युझिक. खाली पुतण्याचा मजकूर : "काका, तुमचं काम आता मशीन करणार!" आणि तीन टाळ्या.

मी बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून बाहेर पडलो. त्यातली निम्मी वर्षं रस्ते आणि पूल. त्यामुळे पुतण्याला उत्तर द्यायला बसलो आणि ते उत्तर इतकं वाढलं की म्हटलं इथेच टाकावं. लांब आहे. वेळ असेल तर वाचा.

आधीच सांगून टाकतो, मी रोबोटच्या विरोधात नाही. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" छापाचं रडगाणं मला गायचं नाही. उलट आमच्या वेळी जे होतं ते किती भिकार होतं, तेच सांगतो.

आमच्या वेळची तपासणी म्हणजे काय? एप्रिल-मे आला की वरून पत्र यायचं, पावसाळ्यापूर्वी सर्व पुलांची तपासणी करून प्रमाणपत्र सादर करावे. एका जेईकडे रस्ते, मोऱ्या, इमारती, व्हीआयपी दौऱ्याचे मंडप आणि त्यातच पन्नास-साठ पूल. जीप असली तर डिझेल नाही, डिझेल असलं तर ड्रायव्हर निवडणूक ड्युटीवर. मग जेई काय करणार? रस्त्याच्या कडेला उभा राहून वाकून बघणार. रेलिंग आहे, स्लॅब आहे, खांब उभे आहेत. लिहा, "स्थिती समाधानकारक".

पुलाचा खरा आजार वरून दिसत नाही. तो खाली असतो. बेअरिंग गंजून जाम झालंय का, ते गर्डरच्या टोकाखाली शिरल्याशिवाय कळत नाही. पाणी जायची भोकं बुजली की पावसाचं पाणी जॉइंटमधून झिरपतं आणि आतली सळई खातं. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. तो सुटायच्या आधी हातोडीनं ठोकलं तर बद्द आवाज येतो, तेव्हाच कळतं. पण वीस-पंचवीस मीटर उंच खांबावर हातोडी घेऊन जाणार कोण? पुलाखाली माणूस उतरवणारी खास गाडी असते. ती आमच्या जिल्ह्यात यायची ती साहेबांच्या दौऱ्यासारखी, कधीमधी आणि फोटोपुरती. नाहीतर दोर बांधून मजूर लटकवायचा. त्या मजुराचा विमा? हसू नका.

आयआरसीची पुलांच्या तपासणीवर एसपी-३५ ही सबंध पुस्तिका आहे. काय बघायचं, कसं बघायचं, कशाची नोंद करायची, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पुस्तिका ऑफिसच्या कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं.

म्हणून म्हणतो, ड्रोन आणा, शंभर वेळा आणा. जिथे माणूस पोचत नाही तिथे तो पोचतो. केसाएवढ्या तड्याचा फोटो काढतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी जाऊन तडा वाढलाय की नाही हे दाखवतो. लोखंडी गर्डरवर लोहचुंबकाच्या चाकांवर चालणारे रोबोट आहेत, केबलवर सरपटत चढणारे आहेत, पाण्याखाली सोनार घेऊन जाणारे आहेत. इटलीत जिनोवाला जो नवा पूल २०२० मध्ये सुरू झाला, त्याच्या पोटाखाली रुळांवर सरकणारे तपासणीचे रोबोट बसवायचं पूल बांधतानाच ठरलं होतं. उत्तम आहे. त्या दोरावर लटकणाऱ्या मजुराचा जीव वाचला तरी पैसे वसूल.

मग भांडण कशाशी आहे?

भांडण आहे त्या जिनोवाच्या पुलाची अर्धीच गोष्ट सांगण्याशी. नवा पूल तिथे का बांधावा लागला? कारण जुना १४ ऑगस्ट २०१८ ला भर पावसात कोसळला आणि ४३ माणसं गेली. तो जुना पूल १९६७ चा. त्याच्या तिरप्या ताणदोऱ्या लोखंडी आणि वरून काँक्रीटचं आवरण. आत गंज लागला तर बाहेरून दिसायचा नाही. हे कुणाला ठाऊक नव्हतं का? होतं की. ज्यानं तो पूल बांधला त्या मोरांदीनंच १९७९ मध्ये लिहून ठेवलं होतं की समुद्राच्या हवेनं आणि प्रदूषणानं हा पूल अपेक्षेपेक्षा लवकर झिजतोय. स्वतः बापानं सांगितलं, पोरगं आजारी आहे. त्यानंतर ३९ वर्षं गेली. पडला त्या वर्षी ताणदोऱ्यांच्या मजबुतीकरणाचं काम मंजूरसुद्धा झालं होतं. सुरू व्हायचं बाकी होतं.

"मंजूर होतं, सुरू व्हायचं बाकी होतं." ओळखीचं वाटतंय ना वाक्य?

१५ जून २०२५. रविवार. मावळात इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट नदीत गेला. चार जण मेले, पन्नासच्या आसपास जखमी. पूल धोकादायक आहे हे गावाला माहीत होतं, प्रशासनाला माहीत होतं, तसा फलकही होता. नवा पूल मंजूर होता. काम सुरू झालं नव्हतं. आता मला सांगा, त्या पुलाखाली रोबोट सोडला असता तर त्यानं काय सांगितलं असतं? पूल धोकादायक आहे, हेच ना? ते बोर्डावर लिहिलेलंच होतं. चार ओळींच्या बोर्डानं जे काम झालं नाही ते चारशे पानांच्या रिपोर्टनं होणार होतं का?

गोव्यातही हेच. सावर्डे-कुडचड्याचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल वापरासाठी बंद होता. कागदावर बंद. मे २०१७ मध्ये नदीत उडी मारलेल्या माणसाचा शोध चालू होता, तो बघायला त्याच बंद पुलावर गर्दी झाली आणि पूल खाली आला. पूल "बंद" असणं आणि पुलावर कुणाला जाताच न येणं यांत फरक आहे. तो फरक भिंत बांधून मिटतो, ड्रोन उडवून नाही.

आता दुसरा प्रकार. तपासणी झाली, पण खोटी किंवा उथळ झाली.

१४ मार्च २०१९. सीएसएमटीचा हिमालय पूल. संध्याकाळची ऑफिस सुटायची वेळ. सात माणसं गेली. या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं बरं का. जुनंपुराणं नव्हे, काही महिन्यांपूर्वीचंच. त्यात पूल ठीक असून किरकोळ दुरुस्ती हवी, असा शेरा होता. पुढे ऑडिट करणाऱ्याला अटक झाली, अभियंत्यांवर कारवाई झाली. आणि पहिल्या रात्री काय चाललं होतं आठवतंय? पूल रेल्वेचा की महापालिकेचा, यावर टोलवाटोलवी. माणसं रस्त्यावर पडलेली आणि मालकी ठरायची बाकी.

मोरबी. ३० ऑक्टोबर २०२२. १३५ माणसं. दुरुस्तीसाठी कित्येक महिने बंद असलेला झुलता पूल, दुरुस्ती झाली म्हणून दिवाळीत उघडला आणि चार-पाच दिवसांत तुटला. चौकशीत काय निघालं? एका मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. म्हणजे दुरुस्तीत जमीन नवी घातली, रंग मारला, आणि ज्याच्यावर पूल टांगलाय ती केबल तशीच ठेवली. इथे खरोखरच एखाद्या यंत्राचा उपयोग झाला असता. पण ते यंत्र बोलवायला आधी "केबल तपासायला हवी" असं कुणालातरी वाटायला हवं होतं. हे वाटणं भाड्यानं मिळत नाही.

आणि आता सावित्री. या पुलाबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही, तरी प्रयत्न करतो.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसट्या आणि आणखी गाड्या अंधारात थेट नदीत. चाळीसच्या आसपास माणसं. कित्येकांचे देह दिवसेंदिवस सापडत होते, काही सापडलेच नाहीत. त्या रात्री वाहतूक कुणी थांबवली? खात्यानं नाही, पोलिसांनीही नाही. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाला आवाज आला, गाड्यांचे दिवे पुढे दिसेनासे झाले, तो धावला आणि त्यानं येणाऱ्या गाड्या अडवल्या. हा आपल्या देशातला त्या रात्रीचा एकमेव चालू असलेला सेन्सर.

आणि तपासणी? झाली होती! त्याच वर्षी मे महिन्यात. पूल वाहतुकीस योग्य असल्याचं तेव्हाच्या मंत्र्यांनीच सांगितलं.

"मे महिन्यात." इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. आजवर घरातसुद्धा नीट सांगितलेली नाही.

नोकरीतलं तिसरं-चौथं वर्ष असेल. तालुका सांगत नाही, नदी सांगत नाही. एक जुना पूल, पाच-सहा गाळ्यांचा. मे महिन्यात तपासणीला गेलो. नदी कोरडीठाक. मी खाली उतरलो, दगडी खांब बघितले, पायाशी वाळू-गोटे नीट बसलेले. सगळं जागच्या जागी. सोबत आमचा मुकादम, मैलकुली म्हणून लागलेला, त्या रस्त्यावर हयात गेलेला माणूस. तो म्हणाला, "सायेब, आत्ता बघून काय उपेग? म्या पुरात बघितलंय. दुसऱ्या खांबाला पाणी भोवरा धरतं. तिथली वाळू उपसून नेत्यात ना वरल्या अंगाला, तवापास्नं. ह्ये दिसतंय ते समदं मागनं येऊन बसल्यालं हाय."

मुकादम सातवी पास. पण तो जे बोलला ते पूल अभियांत्रिकीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं. पूर येतो तेव्हा पाणी खांबाला आपटून खाली वळतं आणि पायाजवळची माती खरवडून काढतं. मोठा खड्डा पडतो. पूर ओसरताना वाहून आलेला गाळ त्याच खड्ड्यात येऊन बसतो. मे महिन्यात जाऊन बघाल तर नदीचा तळ सपाट दिसतो. पण तो गाळ भुसभुशीत असतो, पुढच्या पुरात तासाभरात निघून जातो. जगभर पाण्यावरचे पूल पडायचं हे एक सगळ्यात मोठं कारण आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये शोहारी क्रीकवरचा पूल असाच गेला, दहा माणसं मेली, आणि तिथे त्यानंतर पुलांची पाण्याखालची तपासणी सक्तीची झाली.

मी ऑफिसात येऊन लिहिलं, दुसऱ्या खांबाच्या पायाची सखोल तपासणी करावी, तोपर्यंत जड वाहनं बंद ठेवावीत, पुलाच्या वरच्या अंगाचा वाळूउपसा थांबवण्याबाबत महसूल खात्याला कळवावं. साहेबांनी वाचलं. ओरडले वगैरे अजिबात नाहीत. चहा सांगितला. म्हणाले, "अहो, एवढं लिहिलंत तर उद्या पूल बंद करावा लागेल. एसटी कुठून नेणार? साखर कारखान्याचे ट्रक कुठून नेणार? आणि दुरुस्तीला हेड आहे का आपल्याकडे? नाही ना? मग लिहून काय साधणार? उद्या काही झालं तर हाच कागद आपल्या गळ्यात. आणि वाळूचं तर बोलूच नका, वाळू कुणाची आहे ठाऊक आहे ना?"

मी पान बदललं. "स्थिती समाधानकारक. पावसाळ्यानंतर पुन्हा निरीक्षण करावे." सही केली.

पूल पडला नाही. आठ-नऊ वर्षांनी पैसे आले, खांबाला काँक्रीटचं जॅकेट झालं. पण त्या आठ-नऊ पावसाळ्यांत जेव्हा जेव्हा रात्री धो धो कोसळायचा, तेव्हा मी उठून बसायचो. बायको म्हणायची, ॲसिडिटी झाली असेल. पूल पडला नाही हे माझं कर्तृत्व नाही, नशीब आहे. माझंही आणि त्या एसटीत बसणाऱ्यांचंही. २०१६ ला टीव्हीवर सावित्रीची बातमी बघितली आणि पहिला विचार काय आला सांगू? मेलेल्यांचा नाही. "कुणीतरी मे महिन्यात सही केली असेल," हा आला.

आता परत रोबोटकडे या. माझ्या त्या गोष्टीत रोबोट कुठे बसवाल?

मुकादमाच्या जागी? मुकादमाला जे दिसलं ते रोबोटला दिसलं असतं, कदाचित जास्त नीट दिसलं असतं. पण मुकादमाला दिसलंच होतं! अडचण दिसण्यात नव्हतीच. माझ्या जागी? रोबोटनं खरा रिपोर्ट दिला असता, त्याला बदली आणि बढतीची काळजी नाही, मान्य. पण तो रिपोर्ट जाणार कुठे? त्याच टेबलावर. तोच चहा. "लिहून काय साधणार" हा प्रश्न रोबोटला विचारता येत नाही, एवढाच फरक. मग रिपोर्ट बदलायचीही गरज नाही. उघडलाच नाही म्हणजे झालं.

अतिशयोक्ती वाटते? अमेरिकेतलं उदाहरण देतो. मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीवर एक प्रचंड मोठा महामार्गाचा पूल आहे, १९७३ चा. ११ मे २०२१ ला तपासणीत त्याच्या मुख्य पोलादी बीमला आरपार चीर सापडली. साधी चीर नव्हे, बीम जवळजवळ तुटलेलाच. मग जुने रेकॉर्ड काढले. तर २०१९ च्या ड्रोनच्या व्हिडिओत ती चीर दिसत होती! दोन वर्षांपूर्वी! ड्रोन दुसऱ्याच कामासाठी उडवला होता, त्यात ती चीर आपोआप आली होती. कुणी बघितली नाही. पुलाची तपासणी करणाऱ्यानेही २०१९ आणि २०२० अशी दोन वर्षं ती सोडून दिली. त्याला पुढे नोकरीवरून काढलं.

म्हणजे ड्रोननं चीर बघितली आणि दोन वर्षं रोज हजारो गाड्या त्या पुलावरून गेल्या. मशीननं आपलं काम चोख केलं होतं.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू ऐका, कारण शिकण्यासारखं तिथे आहे. २०२१ मध्ये ज्या इंजिनिअरला ती चीर दिसली त्यानं काय केलं? पत्र लिहिलं? वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलं? त्यानं आपत्कालीन नंबर फिरवला आणि सांगितलं, पुलावरून लोकांना ताबडतोब बाहेर काढा. पूल बंद. खालून जाणाऱ्या बोटीसुद्धा थांबल्या. तो पूल जवळपास तीन महिने बंद राहिला. देशाच्या मधोमध असलेला महामार्ग! आपल्याकडे एखाद्या शाखा अभियंत्यानं थेट पोलीस कंट्रोलला फोन करून राज्य महामार्गावरचा पूल बंद केला तर दुसऱ्या दिवशी काय बंद होईल? पूल नाही, त्याची वेतनवाढ.

आणि अमेरिका म्हणजे स्वर्ग असंही समजू नका. पिट्सबर्गमध्ये जानेवारी २०२२ मध्ये फर्न हॉलो नावाचा पूल बससकट खाली आला. नशिबानं कुणी मेलं नाही. पुलाला दहा वर्षं "पुअर" शेरा होता. पाण्याचे निचरे तुंबलेत, पाय गंजलेत, हे तपासणीच्या अहवालांत वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. तुंबलेला निचरा साफ करायला कुठला रोबोट लागतो? फावडं लागतं. फावडं धरणारा माणूस लागतो. तो पाठवणारा साहेब लागतो.

आपल्याकडे फावडं धरणारा माणूस कुठे गेला? मैलकुली होते. ठराविक मैलांचा रस्ता त्यांचा. रोज चालायचे. मोरी तुंबली, रेलिंग वाकलं, जॉइंट उचकटला, सगळं त्यांना माहीत. माझ्या डोळ्यांदेखत ते एकेक करून निवृत्त झाले आणि त्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. मग जेईच्या जागा रिकाम्या राहिल्या. मग ऑडिट बाहेरच्या सल्लागाराला. आता सल्लागाराच्या जागी रोबोट. प्रत्येक पायरीला आपण "आधुनिकीकरण" म्हणालो. खरं तर प्रत्येक पायरीला पुलाशी रोजची ओळख असलेलं एक माणूस कमी केलं.

माझी भीती काय आहे ती नीट सांगतो. पुढच्या पाच वर्षांत रोबोट येतील, येणारच. टेंडर निघतील. उद्घाटनाला नारळ फुटेल, ड्रोनला हार घातला जाईल. (हसू नका, आम्ही रोड रोलरला घातलेला आहे.) प्रत्येक पुलाचे हजारो फोटो जमतील, ते कुठल्यातरी सर्व्हरवर पडून राहतील. बिल निघेल. आणि पूल पडला की निवेदन येईल, "सदर पुलाची अत्याधुनिक तंत्रज्ञानाद्वारे तपासणी करण्यात आली होती." पूर्वी जेईच्या सहीनं जे झाकलं जायचं ते आता तंत्रज्ञानाच्या नावानं झाकलं जाईल. सही करणारा माणूस निदान निलंबित तरी व्हायचा. ड्रोनला कोण निलंबित करणार?

"मग उपाय सांगा," असं म्हणाल. सांगतो. यातल्या एकालाही रॉकेट सायन्स लागत नाही.

१) अहवाल लोकांसमोर. प्रत्येक पुलावर पाटी लावा : बांधल्याचं वर्ष, शेवटच्या तपासणीची तारीख, शेरा, किती टनांची गाडी चालेल, जबाबदार अभियंत्याचा हुद्दा आणि फोन, आणि पूर्ण अहवालाचा क्यूआर कोड. अमेरिकेत सहा लाखांहून जास्त पुलांचे शेरे सरकार जाहीर करतं, कुणीही घरबसल्या बघू शकतो. फर्न हॉलो तरीही पडला, मान्य. पण तिथे "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची सोय कुणाला उरली नाही. आपल्याकडेही राष्ट्रीय महामार्गांवरच्या दीड लाखाहून जास्त पूल-मोऱ्यांची नोंद केंद्राच्या प्रणालीत २०१६ पासून झालेली आहे. यादी तयार आहे. तुमच्या गावच्या पुलाचा शेरा तुम्ही शेवटचा कधी वाचलात?

२) पूल बंद करायचा अधिकार जागेवरच्या अभियंत्याला. धोका दिसला तर आधी वाहतूक बंद, मग पत्रव्यवहार. आणि बंद करण्यात चूक झाली तरी त्याला शिक्षा नाही, असं लेखी द्या. उघडा ठेवण्यात चूक झाली तर मात्र शिक्षा, आणि ती वरपर्यंत. आज हे बरोबर उलटं आहे.

३) दुरुस्तीचा पैसा नसेल तर तपासणीचं टेंडर काढू नका. म्हणजे काढा, पण दोन्ही हेड एकत्र काढा. रोग सांगून औषध न देणारा डॉक्टर आपल्याला चालतो का?

४) पाण्याखाली बघा. ड्रोनचे फोटो वर छान येतात, पण नदीवरच्या पुलाचा जीव पायात असतो. सोनार घेऊन जाणारं यंत्र तिथे खरंच कामाचं आहे, कारण गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. पण भर पुरात तेही जाऊ शकत नाही. म्हणून जुन्या पुलांच्या खांबावर एक लाल रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की पूल बंद. मंत्र्यांना विचारायचं नाही, कलेक्टरला विचारायचं नाही. रेघेला रंगाचा एक डबा लागतो.

५) पुलाच्या आसपासचा वाळूउपसा. इथे मी फक्त एवढंच लिहितो की कुठलाही रोबोट वाळूचा डंपर अडवू शकत नाही. बाकी तुम्ही समजदार आहात.

६) माणसं भरा. ज्याला पुलाची रोजची सवय आहे असा माणूस आणि ज्याला ड्रोनचे फोटो वाचता येतात असा माणूस, दोन्ही लागतील. मशीन लाल चौकोन काढेल. त्या चौकोनातला तडा नुसत्या प्लॅस्टरचा की गर्डर मोडायला आल्याचा, हे सांगायला पुलाखाली उभी राहिलेली अक्कल लागते.

शेवटी एक आपल्याबद्दलही. सगळं साहेबांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. अंधेरीचा गोखले पूल आठवा. २०१८ मध्ये त्याचा पदपथ रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये धोकादायक म्हणून पूल बंद केला तेव्हा ओरडलं कोण? आपणच. ट्रॅफिकच्या नावानं शिव्या, मीम, मोर्चे. नवीन पुलाचं नियोजन भिकार होतं, त्याबद्दल शिव्या घालायलाच हव्यात. पण "बंद का केला?" म्हणून घातलेली प्रत्येक शिवी पुढच्या अभियंत्याला शिकवते की बंद करू नकोस. कुंडमळ्याचा बोर्ड वाचून पुलावर गेलेली गर्दीही आपलीच होती. पूल बंद झाला तर वळसा घालायची तयारी ठेवा आणि वळसा घालताना विचारा, दुरुस्ती कधी सुरू होणार? हा दुसरा प्रश्न आपण विचारत नाही, म्हणून पहिल्याचं उत्तर देणाऱ्याला भीती वाटते.

पुतण्याला मी शेवटी एवढंच लिहिलं : बाळा, माझं काम मशीन करणार याचा मला आनंदच आहे. माझ्या कामातला बघण्याचा भाग त्यानं जरूर घ्यावा, मी तो नीट केला नव्हता. पण माझ्या कामाचा दुसरा भाग होता, जे बघितलं ते कागदावर ठेवायचं आणि त्यावर ठाम राहायचं. तो भाग मला जमला नाही, आणि तो करणारं मशीन अजून निघालेलं नाही.

त्यानं अंगठा पाठवला. बघू, वाचलं असेल तर.

तुम्ही रोज ज्या पुलावरून जाता त्याची शेवटची तपासणी कधी झाली, एवढं एक माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. तपासणी अहवालाची प्रत मागा, नुसती तारीख नको. उत्तर आलं की इथे कॉमेंटमध्ये टाका. आलं नाही तरी टाका.

शेअर करायला विचारू नका, खुशाल करा. खात्यातले जुने सहकारी वाचतील, त्यांना राग येईल. येऊ दे. त्यांच्यातल्या कुणीतरी एखाद्या मे महिन्यात पान बदललं असेलच.